‘ह्या वयात आरशात काय गो बघतंस?’

पत्रलेखिका ४१ वर्षांच्या. माहेर कोल्हापूर जिल्ह्यात, सासर देवगड तालुक्यात खाडीकाठी. घरची हापूसची कलमं, मे महिन्यात पाहुण्यांसाठी दोन खोल्या, घरात सासूबाई. मुलगा यंदा शिकायला रत्नागिरीला गेला आणि दुपारचे दोन तास मोकळे झाले. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली, म्हणून पुन्हा पेन्सिल हातात घेतली आणि स्वतःचंच चित्र काढायला बसल्या. जोडीला फोनवर स्वतःचे फोटो. त्या लिहितात : ‘लग्नाला अठरा वर्षं झाली, तरी इथे मला घाटावरची म्हणतात, माहेरी गेले की कोकणी झालीस म्हणतात. मी नक्की कोण हेच ठरत नाही, तर चित्र कुणाचं काढायचं? काढते ते माझ्यासारखं दिसत नाही. फोटो तर परक्या बाईचे वाटतात, सगळे पुसून टाकते. सासूबाईंनी एकदा आरशासमोर पाहिलं आणि म्हणाल्या, ह्या वयात आरशात काय गो बघतंस? तेव्हापासून दार लावून बसते. सासूबाईंचं जुनं लुगडं नेसून फोटो काढावा असं मनात येतं, पण ते सोंग वाटतं. चांगला कॅमेरा घ्यावा का? की हा नादच सोडावा?’

ताई,

नाद सोडू नका, आणि कॅमेराही सध्या घेऊ नका. अडचण साधनांची नाहीच. ‘मी कोण ते आधी ठरलं पाहिजे, मग चित्र’ असं तुम्ही धरून चालला आहात आणि सगळं तिथे अडलंय. ठरलेलं उत्तर कागदावर उतरवायचं एवढंच काम असतं, तर स्वतःचं चित्र एकदा काढून भागलं असतं. रेम्ब्राँ (१६०६–१६६९) या डच चित्रकाराने चाळीसेक वर्षांत स्वतःची सुमारे चाळीस रंगचित्रं केली, शिवाय तीसेक एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली चित्रं. १६३०च्या सुमाराची त्याची काही एचिंग जेमतेम दोन इंच उंचीची आहेत. एकात डोळे विस्फारलेले, एकात तोंड वेंगाडलेलं, एकात कपाळाला आठ्या. आरशासमोर बसून तो चेहऱ्याच्या हालचाली शिकत होता. पुढे तोच माणूस भरजरी कपड्यांत दिसतो, मग कामाच्या साध्या टोपीत, मग सुरकुतलेला म्हातारा. यातला खरा रेम्ब्राँ कोणता, असं त्या चित्रांना कुणी विचारत नाही. तुम्ही मात्र स्वतःच्या पहिल्या चार कागदांना ते विचारताय.

दुसरं तुम्ही धरलंय ते असं, की घाटावरची आणि कोकणातली यांतली एक कुणीतरी ठरली पाहिजे. मेक्सिकोच्या फ्रिदा काहलोचे वडील जर्मनीत जन्मलेले, आई स्पॅनिश आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या मिश्र घराण्यातली. १९३९मध्ये तिने ‘दोन फ्रिदा’ नावाचं मोठं चित्र केलं. एका बाकावर दोघी शेजारी शेजारी, हातात हात. एकीच्या अंगात युरोपी पद्धतीचा पांढरा झगा, दुसरीच्या अंगावर मेक्सिकोतल्या तेहुआना बायकांचा पारंपरिक पोशाख. दोघींची हृदयं उघडी दिसतात आणि एक रक्तवाहिनी ती जोडते. चित्रात कुणीही हरत नाही, कुणाला बाकावरून उठवलेलं नाही.

तुमच्याकडे आहे तो फोन घेऊन अशी ‘दोघींची’ तसबीर करता येते, आणि तुमच्या प्रश्नावर मला ती सगळ्यांत सरळ वाट वाटते. ओटीवर किंवा पडवीत एक बाकडं ठेवा. समोर दोन मीटरवर दोन-तीन चिरे रचून त्यावर फोन टेकवा. मागून एक चिरा आधाराला, म्हणजे बटण दाबताना फोन हलत नाही. चौकटीच्या मधोमध मनात उभी रेघ धरा. टायमर दहा सेकंदांचा. आधी डाव्या अर्ध्यात बसून फोटो, मग फोनला धक्का न लावता कपडे बदलून उजव्या अर्ध्यात. दुसऱ्या वेळचे कपडे आधीच हाताशी ठेवा, कारण दोन फोटोंमध्ये पाच-सात मिनिटांहून जास्त गेली की ऊन सरकतं, एखादा ढग येतो आणि जोड उघडा पडतो. पहिल्या फोटोआधी पडद्यावर बाकाच्या जागी बोट दाबून धरा. बहुतेक फोनांत फोकस आणि उजेड तिथे कुलूपबंद होतात. हात किंवा पदर मधली रेघ ओलांडून गेला तर जोडताना तो कापला जाईल. जोडायचं ॲप जमलं तर उत्तम. नाहीतर दोन्ही फोटो तालुक्याच्या गावी चार बाय सहा इंचाच्या मॅट कागदावर छापून घ्या, मधून ब्लेडने कापा आणि जाड पुठ्ठ्यावर जोडून चिकटवा. जोड दिसला तर दिसू द्या. गव्हाच्या पिठाची खळ मात्र वापरू नका, आपल्या दमट हवेत तिला बुरशी येते आणि झुरळं कागद खातात. पांढरा फेव्हिकॉल थोडं पाणी घालून पातळ थरात लावा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा.

आता ‘परक्या बाई’बद्दल. याचं कारण मनात शोधण्याआधी भिंगात शोधा. हात लांब करून घेतलेल्या फोटोत फोन चेहऱ्यापासून अर्धा मीटरभरच असतो. नाकाचं टोक कानांपेक्षा दहा-बारा सेंटिमीटरने पुढे. अर्ध्या मीटरवर हा फरक फार मोठा, म्हणून नाक फुगतं, कपाळ पुढे येतं आणि कान मागे पळतात. दीड-दोन मीटरवरून तोच फरक जाणवेनासा होतो. शिवाय जन्मभर तुम्ही स्वतःला आरशात पाहिलंय, उलट्या बाजूने. फोटोत भांग दुसरीकडे गेला, गालावरचा तीळ दुसऱ्या गालावर आला की चेहरा अनोळखी वाटणारच. घरच्यांना तोच फोटो अगदी तुमच्यासारखा वाटेल. आणि तिसरं, बऱ्याच फोनांत ‘ब्युटी’ची सोय आपोआप चालू असते. ती कातडी गुळगुळीत करते, म्हणजे अठरा वर्षांच्या उन्हाने तुमच्या चेहऱ्यावर जे लिहिलं तेच आधी पुसते. तिला शून्यावर आणा. मागचा कॅमेरा वापरा, ‘दोन एक्स’ (दुप्पट जवळचं दाखवणारं भिंग) असेल तर तो घ्या, फोन डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. एवढं करून काढलेले दहा फोटो पाहा आणि मग ठरवा बाई परकी आहे का.

तुमचं घर या कामाला फार सोयीचं आहे. पडवीचं छप्पर खाली उतरलेलं असतं, त्यामुळे वरचं ऊन अडतं आणि उजेड एकाच बाजूने, आडवा येतो. पडवीच्या कडेपासून मीटर-दीड मीटर आत बसा, एक गाल बाहेरच्या बाजूला. दुसऱ्या गालावर फार काळोख आला तर त्या बाजूला हातभर अंतरावर धुतलेलं पांढरं धोतर टांगा, सावली उजळते. माजघरात छपराला काचेचं कौल असेल तर तिथला कवडसा वेगळंच काम करतो. तो वरून एकाच जागी पडतो आणि दर दहा मिनिटांनी सरकतो. मंद उजेडात फोनच्या ‘प्रो’ सोयीत शटर एक-दोन सेकंदांवर ठेवून अर्धा वेळ स्थिर बसा आणि मग उठा. खाट, भिंत सगळं ठळक येतं आणि तुम्ही विरळ. मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात देवगडच्या अक्षांशावर सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर असतो. त्या वेळी अंगणात फोटो घेतला तर डोळ्यांच्या खाचा काळ्या होतात आणि चेहरा आजारी दिसतो. किनाऱ्यावर जाणार असाल तर संध्याकाळी. सूर्य समुद्रावर असतो, त्यामुळे समुद्राकडे तोंड केलंत तर उजेड चेहऱ्यावर, पाठ केलीत तर नुसती काळी आकृती. दोन्ही काढा. घरी आल्यावर गोड्या पाण्यात पिळलेल्या मऊ कापडाने भिंग पुसा, नाहीतर खाऱ्या वाऱ्याचा थर बसून पुढचे सगळे फोटो धुरकट येतात.

एक गोष्ट इथल्या फोटोंत नेहमी दिसते आणि लोक तिला चूक समजतात. जांभ्याच्या अंगणातून वर उडालेला उजेड हनुवटीखाली तांबूस दिसतो, आणि कलमांच्या किंवा पोफळींच्या सावलीत गालावर हिरवट झाक येते. फोनमधला ‘व्हाइट बॅलन्स’, म्हणजे रंगांचा तोल, बदलून ती घालवता येते. माझं मत विचाराल तर सगळ्याच फोटोंत घालवू नका. कुठल्या जमिनीवर उभी राहून ही बाई स्वतःकडे बघतेय, ते त्या तांबूस हनुवटीत आहे.

पेन्सिलच्या चित्रांत ‘माझ्यासारखं दिसत नाही’ याचं उत्तर बहुधा मोजमापात सापडेल. न्हाणीघरातल्या आरशावर हा प्रयोग करा. एक डोळा मिटा आणि आरशात दिसणाऱ्या चेहऱ्याची कड, हनुवटीपासून टाळूपर्यंत, साबणाच्या तुकड्याने आरशावरच गिरवा. मग पट्टीने मोजा. खरं डोकं बावीस सेंटिमीटर असेल तर आरशावरचं अंडं अकराच भरेल. मागे सरका, पुढे या, ते अर्धंच राहतं. आपण आरशात पूर्ण आकाराचा चेहरा बघतोय असं वाटत असतं आणि डोळे अर्ध्या आकाराचं मोजत असतात. म्हणून कागदावरचं डोकं दहा-अकरा सेंटिमीटर उंच काढा, म्हणजे आरशावरचं अंतर थेट पेन्सिलीने मोजून कागदावर नेता येतं.

आरसा डोळ्यांच्या उंचीला, तुमच्यापासून साठ-सत्तर सेंटिमीटरवर, खिडकी एका बाजूला. नाकाच्या मुळाची जागा आरशावर साबणाच्या ठिपक्याने खूण करून ठेवा. उठून चहा ठेवून आलात की डोकं पुन्हा त्या ठिपक्यावर आणायचं. हे न केल्यामुळे एक डोळा आधीच्या बैठकीतला आणि दुसरा नंतरच्या बैठकीतला होतो आणि चित्र तिरळं दिसतं. आधी डोक्याचा बाहेरचा आकार, मग मधली उभी रेघ, मग डोळ्यांची आडवी रेघ. ती डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर येते. जवळपास सगळे नवशिके डोळे वर नेतात, कारण कपाळ आणि केसांचा भाग ‘रिकामा’ वाटून तो आखडला जातो. दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याइतकं अंतर. यानंतर डोळे किलकिले करून उजेड आणि सावली असे दोनच भाग पाडा, सावलीचा भाग ४बी या मऊ, गडद पेन्सिलीने एकसारखा भरा. पापण्या, सुरकुत्या, कुंकू, मंगळसूत्र हे शेवटी. सुरकुती काळ्या रेघेने काढली की वय पंधरा वर्षांनी वाढतं. तिथे फक्त सावलीची कड असते, तेवढीच दाखवा. वीस मिनिटांनी थांबा, मग आणखी वीस. त्यापुढे डोळा थकतो आणि हात पाठ झालेला चेहरा काढायला लागतो.

आणि नजर रोखलेली, ओठ घट्ट मिटलेले येतील, तर ‘मी इतकी कडक आहे का’ असं मनाला लावून घेऊ नका. बारकाईने बघणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा तसाच होतो. आरशासमोर काढलेल्या असंख्य आत्मचित्रांत ती नजर आहे, आणि तिचं कारण एकाग्रतेत आहे, स्वभावात नाही.

रंगाकडे वळायचं असेल तर ‘स्किन’ नावाची तयार गुलाबी बाटली बाजूला ठेवा. आपल्या अंगाचा रंग त्यातून निघत नाही. बर्न्ट सिएना, यलो ऑकर, अल्ट्रामरीन निळा आणि पांढरा, एवढे चार पुरतात. सावलीसाठी काळा नको, तो चेहऱ्यावर काजळी पुसल्यासारखा बसतो. बर्न्ट सिएनात चिमूटभर अल्ट्रामरीन घाला, गहिरा उबदार तपकिरी मिळतो. पण तुमच्या दाराशीच एक रंग पडलेला आहे, तो वापरून पाहा असा माझा आग्रह आहे. जांभ्याचा लाल भुगा वाळवून कुटा, पाण्यात ढवळा, मिनिटभर थांबा. जाड वाळू खाली बसते. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. असं दोन-तीनदा केल्यावर जो गाळ रात्रभरात खाली बसतो तो इतका मऊ असतो की बोटांना कण लागत नाही. तो वाळवा. बाभळीच्या डिंकाची पूड एक भाग, गरम पाणी दोन भाग, रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा. त्यात थोडा मध, म्हणजे रंग तडकत नाही, आणि लवंगेच्या तेलाचा एखादा थेंब, म्हणजे बुरशी धरत नाही. काचेवर माती आणि डिंकाचं पाणी साधारण सारखं घेऊन दगडाच्या सपाट बाजूने घोटा. कागदावर एक पट्टा मारून वाळू द्या आणि बोट फिरवा. रंग बोटाला लागला तर डिंक कमी पडला, पट्टा चकाकून तडकला तर जास्त झाला. जांभ्याचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, तो उन्हाने उडत नाही. कोकमाच्या आगळाचा रंग मात्र फसवा. पहिल्या दिवशी सुरेख दिसतो, साबणाचं पाणी लागलं की बदलतो आणि उजेडात फिका पडत जातो. वापरलात तर चित्राचा फोटो लगेच काढून ठेवा. काजूबियांच्या टरफलाचं तेल चुकूनही घेऊ नका, कातडी भाजते.

लुगड्याबद्दल तुम्ही ‘सोंग वाटतं’ म्हणून थांबलात. तुम्ही ज्या मुलखात राहता तिथे जत्रेत रात्रभर दशावतार चालतो. नट स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो, पुरुष बाईची भूमिका करतो, आणि लिखित संहिता नसल्यामुळे बोलणं ज्याचं त्याला सुचेल तसं उभं राहतं. रंग चढवून तो खोटा होतो असं प्रेक्षकांत बसलेल्या कुणालाही वाटत नाही. अमृता शेरगिलने (१९१३–१९४१), आई हंगेरियन आणि वडील पंजाबी, १९३४मध्ये स्वतःला ताहिती बेटावरच्या बाईच्या रूपात रंगवलं. बंगळुरूच्या पुष्पमाला एन. यांनी जुन्या चित्रांतल्या आणि छायाचित्रांतल्या बायकांचे वेश स्वतः घेऊन मोठी छायाचित्रमालिका केली. दुसऱ्याचा कपडा अंगावर घेतला की खांदे, मान, पावलांमधलं अंतर बदलतं, आणि तो बदल फोटोत पकडता येतो. सोंग तेव्हा होतं जेव्हा तुम्ही फक्त ‘छान दिसणारी’ चौकट निवडता. म्हणून तीन फोटो काढा. पहिला रोजच्या कपड्यांत. दुसरा लुगड्यात, सासूबाई नेसतात तसंच नेसून. तिसरा नेसताना, अर्धं सावरलेलं, अर्धं हातात. बहुधा तिसराच बोलका निघतो.

यासाठी लुगडं मागावं लागेल, आणि इथे सासूबाईंचा विषय येतो. त्यांच्या वाक्याने तुम्ही दार लावलंत. ते टोचून बोलणं असेलही, पण त्यांनी खरंच विचारलेलंही असू शकतं, आणि तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही. स्वतःकडे बघणं म्हणजे नटणं, हे तुम्हीही कुठेतरी मान्य केलेलं दिसतं. नटताना आपण चेहऱ्यातलं काय झाकायचं ते बघतो, चित्र काढताना काय आहे ते. वीस मिनिटं स्वतःच्या डोळ्याखालची सावली मोजणाऱ्या बाईला कुणी नटवी म्हणणार नाही, पण त्यासाठी ती काय करतेय ते दिसायला हवं. दार उघडं ठेवा. फोनचा फोकस जमवायला खुर्चीत कुणीतरी बसलेलं लागतं. तुम्ही फोनमागे असता तेव्हा खुर्ची रिकामी असते. ‘आई, जरा हंय बसा, माका उजेड बघूचो आसा’ असं म्हणून त्यांनाच बसवा. त्यांचा तो एक फोटो जपून ठेवा, तुमच्या मालिकेत तो लागणार आहे. त्या नको म्हणाल्या तर खुर्चीवर उशी उभी करा आणि आग्रह सोडा. लुगडं मात्र विचारल्याशिवाय पेटीतून काढू नका.

चेहराच नको वाटेल असे दिवसही येतील. अशा दिवशी हात काढा. आंब्याच्या चिकाने भाजलेले डाग, कोयत्याची जुनी खूण, भाकरी थापून रुंद झालेला तळवा. अठरा वर्षांचा हिशेब चेहऱ्यापेक्षा हातांवर स्पष्ट असतो. संध्याकाळची लांब सावली चिऱ्यांच्या गडग्यावर पाडून तिचा फोटो घ्या. किंवा तुमच्या फडताळाचा एक कप्पा, कोल्हापूरहून आणलेलं आणि इथलं असं सगळं आहे तसं, न आवरता. तुम्ही चित्रात नसूनही ते तुमचंच चित्र होतं.

आता पुसून टाकण्याची सवय. ही एवढी एक मोडलीत तरी पुष्कळ झालं. आठवड्याला तीन, असे चार आठवडे, बारा चित्रं किंवा फोटो. जागा तीच, वेळ तीच, अंतर तेच. दर वेळी एकच गोष्ट बदला, कपडा किंवा बसण्याची बाजू किंवा हातातली वस्तू. सगळंच दर वेळी बदललं तर कशामुळे काय झालं ते कळत नाही. मागच्या बाजूला तारीख, वेळ, बसण्याआधी कुठलं काम करत होता, आणि चित्रातून काय वगळावंसं वाटलं, एवढं लिहा. बारा होईपर्यंत एकही फाडायचं नाही, पुसायचं नाही. मग सगळी ओटीवर जमिनीवर मांडा आणि सुंदर कोणतं हे न बघता बघा : मी चौकटीत कुठे बसले आहे? हात दिसतात का, की दर वेळी कापले गेले? मागे काय येतं, स्वयंपाकघराचं दार, की बाहेरची वाट? काय वगळावंसं वाटलं, त्या नोंदींत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते का? बारापैकी आठ-नऊ चित्रांत जे आपोआप आलं ते तुम्ही ठरवून आणलेलं नाही, म्हणून ते विश्वासाचं. मात्र घाईने अर्थ लावू नका. मान नेहमी डावीकडे कलते याचं कारण बहुतेक वेळा आरसा उजवीकडे आहे एवढंच असतं. आधी आरसा हलवून पाहा. तरीही कलली तर विचार करा.

सामान थोडंच लागेल. पेन्सिलीसाठी १४० ग्रॅमची साधी चित्रवही, २बी, ४बी, ६बी. जलरंगासाठी ३०० ग्रॅमचा कागद, पातळ कागद ओला झाला की पोपडे आल्यासारखा फुगतो. खर्च खरा करावा लागतो तो पावसाळ्यासाठी. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कागद हवेतलं पाणी पितो, त्यावरचा चिकट लेप बुरशीने खराब होतो आणि मग रंग ठिपक्या-ठिपक्यांनी आत शोषला जातो. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, पाच-सहा लिटरच्या डब्याला ५० ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत ठेवा, आणि डबा चिऱ्याच्या भिंतीला न टेकवता फळीवर. केशरी दाण्यांचं जेल मिळालं तर बरं. ओल भरली की ते हिरवं होतं, मग स्वयंपाकात नसलेल्या जुन्या तव्यावर मंद आचेवर केशरी होईपर्यंत परतायचं. डब्यात तांदूळ ठेवण्याचा सल्ला बरेचजण देतात, त्याचा उपयोग फार थोडा होतो आणि पोरकिडे मात्र होतात.

तुमच्यासारखीच पत्रं लिहिणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट इथे सांगायला हवी. स्वतःकडे बघताना अवघडल्यासारखं वाटणं साहजिक आहे, चार-पाच बैठकांत ते कमी होतं. पण दर वेळी स्वतःच्या शरीराचा तिटकारा येत असेल, झोप-जेवण बिघडत असेल, तर आरसा आणि कॅमेरा दोन्ही बाजूला ठेवून बोलण्यासाठी माणूस शोधा. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

लोकांना दाखवायचं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण बारा झाली की तो प्रश्न येईलच. समाजमाध्यमांवर सध्या टाकू नका. कुठल्या चेहऱ्याला अंगठे जास्त आले ते एकदा कळलं की तेराव्या चित्रात नकळत तोच चेहरा यायला लागतो. बारांतली तीन निवडा, छापून घ्या, एक माहेरच्या माणसाला दाखवा आणि एक सासरच्या, तिसरं सासूबाईंना. ‘कसं झालंय’ असं विचारू नका, त्याला ‘छान’ एवढंच उत्तर मिळतं. ‘ह्यात तुला पहिल्यांदा काय दिसलं?’ असं विचारा, आणि मिळालेली उत्तरं त्या त्या फोटोच्या मागे, कोण म्हणालं त्याच्यासह, जशीच्या तशी लिहून ठेवा. ‘दोघींची’ तसबीर तेवढ्यात झाली असेल तर ती शेवटी काढा आणि माहेरी-सासरी दोन्हीकडे दाखवा.